आडवाटेने उमगलेला आजार

गर्भाशयाचा खालचा, योनीत उतरलेला निमुळता भाग म्हणजे गर्भाशयमुख. जेमतेम तीन सेंटिमीटर लांबीच्या या अवयवावर दोन अगदी वेगळ्या स्वभावाची अस्तरे एकमेकांना भिडलेली असतात : बाहेरच्या बाजूस त्वचेसारखे अनेक थरांचे चिवट अस्तर आणि गर्भाशयाकडे जाणाऱ्या आतल्या मार्गात चिकट स्राव तयार करणाऱ्या उंच पेशींचा एकेरी, नाजूक थर. ही दोन अस्तरे जिथे मिळतात तो पट्टा वयाप्रमाणे सरकत राहतो, तेथील पेशी रूप पालटत असतात, आणि या अवयवाचे संसर्ग व कर्करोग बहुधा त्या नाजूक थरात किंवा या सरकत्या सीमेवरच मूळ धरतात. मात्र वेदनेची जाणीव येथे इतकी मंद असते की संसर्ग झाला तरी पुष्कळदा काहीच दुखत नाही; फार तर अंगावरून पांढरे जाते, आणि ते तर बाईच्या जातीला लागलेलेच, असे म्हणून कित्येक पिढ्यांनी सोडून दिलेले असते. त्यामुळे या अवयवाचे आजार वैद्यकाला थेट त्याच्याकडे पाहून क्वचितच कळले. नवजात बालकांचे डोळे, मठवासिनींच्या मृत्यूच्या नोंदी, सशांच्या अंगावरची चामखिळे आणि अर्ध्यावर थांबलेली एक लसचाचणी अशा आडवाटांनी हे ज्ञान आले, आणि जिच्या शरीरात हे सारे घडत होते त्या बाईला विचारण्याची वेळ सर्वांत शेवटी आली.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमधील वैद्य जोसेफ रेकामिए यांनी योनीत घालून आतला भाग पाहण्याचे नळीसारखे साधन पुन्हा वापरात आणले. असे साधन प्राचीन रोमन वैद्यांकडेही होते, परंतु मधल्या काळात त्याचा वापर मागे पडला होता. पुढे पॅरिसमध्येच फिलिप रिकोर यांनी गुप्तरोगांच्या रुग्णालयात या स्पेक्युलमच्या साहाय्याने स्त्रियांची तपासणी नेमाने सुरू केली, आणि बाहेरून निरोगी दिसणाऱ्या स्त्रीच्या गर्भाशयमुखावर गरमीचा, म्हणजे उपदंशाचा, व्रण असू शकतो हे दाखवून दिले. गरमी आणि परमा (गनोरिया) हे दोन वेगळे रोग आहेत, हेही त्यांनी १८३८ मधील ग्रंथात ठामपणे मांडले. त्यापूर्वी ही एकाच विषाची दोन रूपे मानली जात. परम्याच्या बाबतीत मात्र रिकोर यांची मोठी चूक झाली. हा रोग विशिष्ट संसर्गाने होतो असे न मानता, कोणत्याही क्षोभाने होणारी ती साधी जळजळ आहे असे ते समजत आणि शिकवत राहिले. त्यांच्या अधिकारवाणीमुळे पुढची चाळीस वर्षे परमा हा पुरुषाच्या तारुण्यातला किरकोळ, चार आठवड्यांत विसरून जाण्याजोगा आजार ठरला.

स्पेक्युलम रुग्णालयातून लवकरच पोलिसांच्या हाती गेले. ब्रिटनमध्ये १८६४ पासून आणि हिंदुस्थानात १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्यान्वये, सैनिकांना गुप्तरोगांपासून वाचवण्याच्या हेतूने, वेश्याव्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची नोंदणी व सक्तीची तपासणी सुरू झाली, आणि रोग आढळलेल्या स्त्रीला ‘लॉक हॉस्पिटल’ नावाच्या खास रुग्णालयात डांबून ठेवण्यात येऊ लागले. मुंबईतही हा कायदा लागू झाला होता. जोसेफिन बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या दीर्घ लढ्यानंतर ब्रिटनमधील कायदा १८८६ मध्ये आणि हिंदुस्थानातील १८८८ मध्ये रद्द झाला. या व्यवस्थेतील वैद्यकीय तर्क मुळातच लंगडा होता, कारण तपासणी फक्त स्त्रियांची होई आणि ज्या सैनिकांकडून त्यांना रोग लागे ते मोकळे सुटत. शिवाय गर्भाशयमुखातील परमा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हे तेव्हा कोणालाच ठाऊक नसल्यामुळे निर्दोष ठरवलेल्या कित्येक स्त्रिया बाधित असणार, आणि दोषी ठरवलेल्या कित्येकींना केवळ साधा पांढरा स्राव असणार.

परमा हा किरकोळ आजार आहे, या समजुतीला पहिला धक्का न्यूयॉर्कमधील जर्मन वंशाचे स्त्रीरोगतज्ज्ञ एमिल नोएगेराथ यांनी दिला. विवाहापूर्वी निरोगी असलेल्या तरुणी लग्नानंतर काही महिन्यांत ओटीपोटाच्या दुखण्याने खंगतात, एखाद्या बाळंतपणानंतर पुन्हा गर्भ राहत नाही, आणि त्यांच्या नवऱ्यांना खोदून विचारले असता पूर्वी परमा होऊन ‘बरा’ झाल्याची कबुली मिळते, असे त्यांना वारंवार आढळले. १८७२ मध्ये बॉन येथे प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत त्यांनी असा निष्कर्ष मांडला की पुरुषातील परमा बरा झालेला नसतो, दडून बसलेला असतो, तो पत्नीच्या गर्भाशयमुखात उतरतो, आणि तेथून मूकपणे वर सरकत बीजवाहिन्या बुजवून टाकतो. प्रतिष्ठित कुटुंबांतील कर्त्या पुरुषांवर हा थेट आरोप होता. १८७६ मध्ये अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हेच सांगितले तेव्हा सहकाऱ्यांनी त्यांची जवळजवळ खिल्लीच उडवली. मूल न होण्याचा दोष बाईच्या माथी मारण्याची रीत न्यूयॉर्कमध्ये आणि महाराष्ट्रात एकाच जातकुळीची होती. नोएगेराथ यांनी त्या रीतीला प्रथमच रोगशास्त्राचा पुरावा दाखवून आव्हान दिले होते.

नोएगेराथ यांच्याकडे रोगाचे कारण दाखवण्याचे साधन मात्र नव्हते. ते १८७९ मध्ये ब्रेसलाऊ येथील चोवीस वर्षांच्या आल्बर्ट नायसर यांनी मिळवून दिले. पुवाचे नमुने रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्यांना पांढऱ्या पेशींच्या आत जोडीजोडीने बसलेले, कॉफीच्या बियांच्या आकाराचे जिवाणू दिसले. ते परम्याने पछाडलेल्या पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या स्रावात होते, तसेच जन्मानंतर दोनचार दिवसांत डोळे पुवाने भरलेल्या अर्भकांच्या नमुन्यांतही होते. बाळाच्या डोळ्यांत आलेला जिवाणू प्रसूतीच्या वेळी आईच्या गर्भाशयमुखातूनच आला असणार, हे उघड होते. लाइपझिग येथील प्रसूतितज्ज्ञ कार्ल क्रेडे यांनी १८८० च्या सुमारास प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या दोन टक्के द्रावणाचा थेंब टाकण्याची पद्धत सुरू केली, आणि त्यांच्या प्रसूतिगृहात सुमारे दहा टक्के बालकांना होणारा हा नेत्रदाह अर्ध्या टक्क्याच्याही खाली आला. अंधत्वाविरुद्धचे हे एक मोठे यश होते. परंतु ज्या आयांच्या शरीरातून संसर्ग आला त्यांच्यासाठी असा कोणताही थेंब नव्हता, आणि त्यांचा विचारही फारसा झाला नाही. दरम्यान १८८० च्या दशकातच एर्न्स्ट बुम या जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञांनी हा जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला, आणि प्रौढ स्त्रीमध्ये तो योनीच्या जाड अस्तरावर तग धरत नाही, गर्भाशयमुखाच्या नाजूक आतल्या थरात घर करतो, हेही स्पष्ट केले. बाहेरून पाहून रोग ओळखण्याची सारी सरकारी व्यवस्था किती फोल होती, याचा उलगडा असा उशिरा झाला.

क्रेडे यांच्या थेंबांनंतरही काही बालकांचे डोळे येतच राहिले, आणि त्यांच्या पुवात नायसर यांचा जिवाणू सापडत नसे. या कोड्याचे उत्तर जावा बेटावरून आले. वानरांवर उपदंशाचे प्रयोग करण्यासाठी नायसर यांनी तेथे मोहीम नेली होती. तिच्यातील लुडविग हाल्बरश्टेटर आणि स्टानिस्लाउस फोन प्रोवाझेक यांनी १९०७ मध्ये खुपऱ्या झालेल्या माणसांच्या डोळ्यांतील खरवड ओरांगउटानच्या डोळ्यांत घातली असता पेशींच्या आत, केंद्रकाजवळ, बारीक कणांचे पुंजके दिसून आले. पाठोपाठच्या दोनतीन वर्षांत तसेच पुंजके परमा नसलेल्या नेत्रदाही अर्भकांच्या डोळ्यांत, त्यांच्या मातांच्या गर्भाशयमुखात आणि पित्यांच्या मूत्रमार्गात आढळले. म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारा, गर्भाशयमुखात राहणारा एक दुसरा जंतू होता, आणि १९१० पर्यंत त्याचा माग बराच लागलेला होता. तरीही पुढची जवळजवळ पन्नास वर्षे त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही, कारण तो कृत्रिम पोषकद्रव्यावर वाढत नसे. जिवंत पेशीच्या आत शिरल्याखेरीज त्याची वाढच होत नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यास बीजिंगमध्ये तांग फेइफान यांनी कोंबडीच्या अंड्यातील बलकाच्या पिशवीत तो वाढवला आणि पुढे स्वतःच्या डोळ्यात घालून त्याने खुपऱ्या होतात याची खात्री पटवली; १९५९ मध्ये लंडनच्या संशोधकांनी एका बाधित बालकाच्या आईच्या गर्भाशयमुखातून तो वेगळा काढला. ज्याला तोवर विषाणू म्हटले जाई तो प्रत्यक्षात पेशीत दडून राहणारा जिवाणू आहे, हे १९६० च्या दशकात निश्चित झाले आणि क्लॅमिडिया हे नाव रूढ झाले.

क्लॅमिडियाच्या संसर्गात बहुसंख्य स्त्रियांना काहीही जाणवत नाही. पुरुषाला लघवी करताना आग होते, तो दवाखान्यात जातो. त्याच्या जोडीदारणीच्या गर्भाशयमुखात तोच जंतू महिनोन्‌महिने राहतो आणि कधी वर सरकून बीजवाहिन्यांना सूज आणतो. १९८४ मध्ये सिएटल येथील रॉबर्ट ब्रनहॅम, किंग होम्स आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या दाहाच्या या अवस्थेचे रीतसर वर्णन केले : कापसाच्या बोळ्यावर पिवळसर पूमिश्रित स्राव दिसणे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पांढऱ्या पेशींची संख्या ठराविक मर्यादेपलीकडे असणे ही तिची दोन चिन्हे. पुरुषांतील मूत्रमार्गदाहाचे हे स्त्रियांमधील दुर्लक्षित रूप आहे, असे त्यांनी शोधनिबंधाच्या शीर्षकातच म्हटले होते. त्याच शहरात झालेल्या आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असे दिसले की लक्षणे नसलेल्या तरुणींना बोलावून क्लॅमिडियाची तपासणी व उपचार केले, तर वर्षभरात ओटीपोटातील दाहाचे प्रमाण निम्म्याहून कमी होते. तक्रारीची वाट पाहत बसणे हीच चूक होती, याचा हा बहुधा सर्वांत स्वच्छ पुरावा.

दुसरी वाट कर्करोगाची होती, आणि ती खूप आधी सुरू होऊन खूप उशिरा या पहिल्या वाटेला येऊन मिळाली. उत्तर इटलीतील वेरोना शहराच्या १७६० ते १८३९ या ऐंशी वर्षांच्या मृत्युनोंदी तपासून दोमेनिको रिगोनी-स्टर्न यांनी १८४२ मध्ये असे दाखवले की गर्भाशयाच्या कर्करोगाने मठवासिनी क्वचितच मरतात, विवाहित स्त्रिया व विधवा मात्र पुष्कळ मरतात. स्तनांच्या कर्करोगाचे प्रमाण याच्या उलट होते. गर्भाशय आणि गर्भाशयमुख असा भेद त्या नोंदींत नव्हता, तरी त्यातील सूचना पुरेशी बोलकी होती. मुंबईतही अशीच एक आकडेवारी पुढे आली. इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६० च्या दशकाच्या आरंभी शहराची कर्करोग-नोंदवही सुरू केली, आणि तिच्यातून पारशी स्त्रियांत स्तनांचा कर्करोग अधिक व गर्भाशयमुखाचा कमी, तर इतर समाजांत याच्या विरुद्ध, असे चित्र दिसले. या फरकांची कारणे शोधताना संशोधकांनी लवकर लग्न, अनेक बाळंतपणे, अस्वच्छता, पुरुषाची सुंता अशा नाना गोष्टींकडे बोट दाखवले. त्यांतील काही धागे खरे होते, पण ते गुंफणारा जंतू कोणाच्याच हाती नव्हता, आणि तो हाती नसल्यामुळे रोगाचे स्पष्टीकरण पुन्हा पुन्हा बाईच्या चालीरीतींपाशी येऊन थांबे.

कारण ठाऊक नसतानाही रोग वेळीच हेरण्याची युक्ती मात्र सापडली. न्यूयॉर्कमधील कॉर्नेल विद्यापीठात गिनिपिगच्या ऋतुचक्राचा अभ्यास करणारे ग्रीक संशोधक जॉर्ज पापानिकोलाउ यांनी योनीतील पेशी काचेवर पसरून तपासण्याची पद्धत बसवली, आणि त्यांच्या पत्नी आंद्रोमाखी यांनी अनेक वर्षे स्वतःचे नमुने या अभ्यासासाठी दिले. अशा नमुन्यांत कर्करोगाच्या पेशी ओळखता येतात, हे त्यांनी १९२८ मध्ये सांगितले. बुखारेस्टमधील आउरेल बाबेश यांनी जवळपास त्याच सुमारास, स्वतंत्रपणे, तेच मांडले होते. दोघांकडेही दुर्लक्ष झाले. हर्बर्ट ट्राउट या स्त्रीरोगतज्ज्ञाबरोबर पापानिकोलाउ यांनी १९४१ मध्ये निबंध आणि १९४३ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा कुठे ‘पॅप स्मिअर’ ही तपासणी मान्य झाली, आणि ज्या देशांनी ती दर काही वर्षांनी सर्व स्त्रियांपर्यंत नेली तेथे या रोगाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. तिच्यासाठी प्रशिक्षित तंत्रज्ञ, प्रयोगशाळा आणि पुनःपुन्हा तपासणीस येणाऱ्या स्त्रिया लागत. भारतासारख्या देशात या तिन्हींची उणीव असल्याने ती शहरी रुग्णालयांपलीकडे फारशी पोचलीच नाही.

विषाणूचा माग सशांपासून लागला. अमेरिकेतील रानसशांच्या अंगावरची शिंगासारखी चामखिळे विषाणूने होतात हे रिचर्ड शोप यांनी १९३३ मध्ये दाखवले, आणि पुढे त्यांतील काही चामखिळांचे कर्करोगात रूपांतर होते असेही आढळले. माणसाच्या संदर्भात मात्र संशोधन आधी चुकीच्या दिशेने गेले. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांत जननेंद्रियांवर फोड आणणाऱ्या हर्पीस विषाणूविरुद्धची प्रतिद्रव्ये अधिक आढळली, आणि हाच या कर्करोगाचा जनक असे जवळजवळ सर्वांनी धरून चालले. जर्मन विषाणुशास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी कर्करोगाच्या गाठींत हर्पीसचा जनुकीय अंश शोधला. तो सापडला नाही. १९७४ मध्ये फ्लोरिडातील परिषदेत त्यांनी हे सांगितले तेव्हा श्रोत्यांनी ते थंडपणे घेतले. त्यांनी चामखिळांच्या विषाणूकडे, म्हणजे मानवी पॅपिलोमा विषाणूकडे (एचपीव्ही), मोर्चा वळवला. या विषाणूचे अनेक प्रकार असून हातावरील चामखिळांचा प्रकार गर्भाशयमुखात सापडणार नाही, हे ओळखून त्यांच्या गटाने एकेक प्रकार वेगळा काढण्याचे किचकट काम हाती घेतले, आणि १९८३ मध्ये एचपीव्ही १६ व १९८४ मध्ये एचपीव्ही १८ हे दोन प्रकार थेट कर्करोगाच्या गाठींतून हस्तगत केले. जगातील या कर्करोगाच्या दहापैकी सुमारे सात रुग्णांत हेच दोन प्रकार सापडतात.

त्याच संशोधनात एक जुना धागा अनपेक्षितपणे हाती आला. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीचा १९५१ मध्ये बाल्टिमोर येथे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी, मृत्यू झाला होता. त्यांच्या गाठीतून त्यांना न विचारता घेतलेल्या पेशी ‘हेला’ या नावाने जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत होत्या, आणि पोलिओच्या लसीपासून कितीतरी संशोधने त्यांच्यावर उभी राहिली होती. त्या पेशींत एचपीव्ही १८ चा अंश दडलेला आढळला. विषाणूची ई-६ व ई-७ ही दोन प्रथिने पेशीच्या वाढीला आवर घालणाऱ्या पी-५३ व आरबी या प्रथिनांना निकामी करतात, हे पुढच्या काही वर्षांत उलगडले. विषाणूचा संसर्ग अतिशय सार्वत्रिक असतो आणि बहुतेकींच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप निघून जातो. ज्या थोड्या स्त्रियांत तो चिकटून राहतो त्यांच्यातच, दहा ते वीस वर्षांच्या संथ प्रवासानंतर, कर्करोग होतो. म्हणजे हा रोग दुर्वर्तनाची खूण ठरत नाही. एकाच जोडीदाराबरोबर आयुष्य काढणाऱ्या स्त्रीलाही तो होऊ शकतो. त्सुर हाउझेन यांना २००८ चा नोबेल पुरस्कार मिळाला.

विषाणूचा शोध लागून काही वर्षे झाली होती, तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत एक वेगळेच काम चालले होते. राणी आणि अभय बंग यांनी सहकाऱ्यांसह तेथील ६५० स्त्रियांची, त्यांना तक्रार असो वा नसो, रीतसर स्त्रीरोगतपासणी केली आणि निष्कर्ष १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार निघाले, आणि त्यांतील निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा होता. ४५ टक्के स्त्रियांनी कोणतीच तक्रार सांगितली नव्हती. त्यापूर्वी स्त्रीरोगाची तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. कुटुंबनियोजन आणि बाळंतपण यांपलीकडे ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा विचार न करणाऱ्या जागतिक धोरणकर्त्यांना या आकड्यांनी हादरवले. प्रजनन-आरोग्य हा विषय पुढच्या दशकात आंतरराष्ट्रीय परिषदांत अग्रक्रमाने आला, त्यामागे या लहानशा अभ्यासाचा वाटा मोठा होता. स्त्रियांच्या दारात जाऊन, विश्वास संपादून, त्यांच्याच शब्दांत विचारले की काय हाती लागते, ते येथे प्रथम दिसले.

धोरणाच्या पातळीवर निघालेला मार्ग मात्र तडजोडीचा होता. प्रयोगशाळा नसलेल्या दवाखान्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत पुरस्कृत केली, आणि भारतात त्यासाठी रंगांनुसार औषधांच्या पाकिटांची योजना आली. गर्भाशयमुखाच्या दाहासाठी करड्या रंगाचे, योनिदाहासाठी हिरव्या रंगाचे. पुरुषांच्या बाबतीत ही पद्धत चांगली चालली. स्त्रियांच्या बाबतीत पांढऱ्या स्रावावरून परमा वा क्लॅमिडिया ओळखणे बेभरवशाचे ठरले, कारण स्राव असलेल्या बहुतेकींना हे संसर्ग नसतात आणि हे संसर्ग असलेल्या बहुतेकींना तक्रार नसते. मूक आजाराला लक्षणांच्या कसोटीवर घासण्याचा हा प्रयत्न मुळातूनच अडखळणारा होता.

कर्करोगाच्या बाजूने निर्णायक पुरावा मराठवाड्यातून आला. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदवही चालू होती. तिच्या आधारावर तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मृती रुग्णालय आणि लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यात १९९९ साली चाचणी उभी केली. गावांचे ५२ समूह चार गटांत विभागले गेले. तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांपैकी एका गटाची एचपीव्ही चाचणी, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची पातळ ॲसेटिक ॲसिड लावून डोळ्यांनी पाहणी झाली. चौथ्या गटाला केवळ माहिती व सल्ला मिळाला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये, निष्कर्ष जाहीर झाले : आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीमुळे या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले, तर अन्य दोन पद्धतींनी तशी ठळक घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या दुसऱ्या चाचणीत दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ॲसेटिक ॲसिडची पाहणी केली, आणि २०१३ मध्ये मृत्यूंत ३१ टक्के घट जाहीर झाली. दोन्ही चाचण्यांतील तपासणी न झालेल्या गटांतील स्त्रियांना जाणूनबुजून वाऱ्यावर सोडले गेले, असा गंभीर आक्षेप घेतला गेला. त्यावर, एरवी या स्त्रियांना कोणतीच तपासणी उपलब्ध नव्हती, असे उत्तर देण्यात आले. ते उत्तर वस्तुस्थितीला धरून होते, पण त्याने आक्षेप मिटत नाही, कारण ती वस्तुस्थितीच मुळात अन्यायाची होती.

याच सुमारास लसीचे प्रकरण चिघळले. ब्रिस्बेनमधील झोऊ जियान आणि इयन फ्रेझर यांनी १९९१ मध्ये विषाणूच्या कवचाची, आत जनुके नसलेली, निरुपद्रवी प्रतिकृती प्रयोगशाळेत बनवली होती. तिच्यावर आधारित पहिली लस २००६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. भारतात २००९ मध्ये एका परदेशी संस्थेने केंद्र व राज्य यंत्रणांच्या सहभागाने तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत हजारो मुलींना एचपीव्हीवरील लस देण्याचा प्रकल्प सुरू केला. त्यातील सात मुलींच्या मृत्यूंमुळे खळबळ उडाली. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही, परंतु आदिवासी वसतिगृहांतील मुलींच्या संमतिपत्रांवर पालकांऐवजी अधीक्षकांच्या सह्या असल्याचे उघड झाले, आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने या कारभारावर कठोर ताशेरे ओढले. लसीविषयीचा संशय देशात त्यानंतर दीर्घकाळ टिकला, आणि तो लसीने कमी, संमतीच्या कागदांनी जास्त कमावलेला होता.

या वादळाचा एक परिणाम कोणीच योजलेला नव्हता. बार्शी, पुणे, मुंबई आणि देशातील अन्य केंद्रांवर तेव्हा दोन आणि तीन मात्रांची तुलना करणारी एक स्वतंत्र चाचणी चालू होती. खम्ममनंतर, एप्रिल २०१० मध्ये, सरकारने अशा सर्व चाचण्यांतील लसीकरण थांबवले, त्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांना सोडून न देता पाठपुरावा चालू ठेवला, आणि २०२१ मध्ये असे दिसून आले की एचपीव्ही १६ व १८ च्या चिकट संसर्गापासून एकच मात्रा सुमारे ९५ टक्के संरक्षण देते, म्हणजे दोन वा तीन मात्रांइतकेच. केनिया आणि कोस्टा रिका येथील पुराव्यांची त्याला जोड मिळाली, आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने किशोरींसाठी एका मात्रेचा पर्याय मान्य केला. जगभरातील गरीब देशांचा लसीकरणाचा खर्च त्यामुळे एकदम खाली आला. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या देशी लसीलाही परवानगी मिळाली.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे सव्वा लाख स्त्रियांना गर्भाशयमुखाचा कर्करोग होतो आणि जवळजवळ ऐंशी हजार त्याने मरण पावतात. एचपीव्ही चाचणीसाठीचा नमुना आता स्त्रीला आडोशाला जाऊन स्वतःच घेता येतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून ही चाचणीच प्राधान्याची ठरवली आहे. क्लॅमिडियावर मात्र अजून लस नाही, आणि परम्याचा जिवाणू सल्फा, पेनिसिलिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन या औषधांना एकामागून एक दाद देईनासा होऊन आता अखेरच्या काही भरवशाच्या औषधांशी झुंजत आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांना, गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी कधी तरी तपासणी झाली आहे काय, असे विचारण्यात आले. होय म्हणणाऱ्या स्त्रिया शंभरात दोनही नव्हत्या.